रत्नपरीक्षा : स्फटिकाची माळ घेताना

धनत्रयोदशीच्या मंगल मुहूर्तावर घरात सोन्यारूप्याचा एखादा कण यावा, जपासाठी स्फटिकाची माळ किंवा बोटासाठी राशीचा खडा घ्यावा, ही आपल्याकडील जुनी रीत. मानखुर्दसारख्या कष्टकरी उपनगरातील गृहिणी वर्षभर भिशीत पैसा पैसा साठवते आणि हार्बर गाडीने मस्जिद स्थानकावर उतरून झवेरी बाजार गाठते. अशा वेळी तिच्या पदरात स्फटिकाऐवजी काच पडली, तर हानी केवळ पैशाची होत नाही. श्रद्धेलाही ठेच लागते.

खडा पारखून घेणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त रत्नांच्या परीक्षेसाठी स्वतंत्र अध्याय लिहिले. गरुडपुराणातही रत्नांचे गुणदोष विस्ताराने सांगितले आहेत. परीक्षेविना रत्न धारण करू नये, हीच आपली परंपरा होय.

बाजारातील खडे प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात : भूगर्भातून निघालेले नैसर्गिक, नैसर्गिक असूनही रंगरूप खुलविण्यासाठी संस्कार केलेले, आणि मनुष्यनिर्मित. संस्कार म्हणजे लबाडी असे मात्र समजू नये. खंबायतचे कारागीर अकीक भट्टीत तापवून त्याला लाली आणतात, ती विद्या सहस्रावधी वर्षांची आहे. आज सुनेला म्हणून विकला जाणारा पिवळा खडा बहुधा जांभळा स्फटिक तापवूनच तयार होतो. पाचूच्या भेगांत तेल भरण्याचा प्रघातही जुनाच. खडकातील नैसर्गिक किरणोत्सर्गाने युगायुगांत शुभ्र स्फटिकाला धुरकट छटा येते. गॅमा किरणांनी तेच कार्य अल्पावधीत साधते. मानखुर्दला लागूनच अणुशक्तीनगर वसले आहे. तेथील वाचकांना या किरणांचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको. बाजारातील गडद निळे टोपाझही बहुतांशी अशाच किरणसंस्काराने निळे झालेले असतात. दोष संस्काराचा नाही. तो लपवून नैसर्गिकाचे मोल घेण्याचा आहे.

आता स्फटिकाकडे वळू. आपण ज्याला गारगोटी म्हणतो, तिच्याच जातीचे हे निर्मळ रूप. हातात घेताच अस्सल स्फटिक गार लागतो व सावकाश ऊब धरतो. काच त्यामानाने लवकर कोमट होते. दहापट दाखविणाऱ्या भिंगातून पाहिल्यास काचेत गोल बुडबुडे किंवा वळसे दिसतात, तर नैसर्गिक स्फटिकात पुष्कळदा धुक्यासारखे पडदे वा बारीक तडे आढळतात. मोठा गोळा केसावर ठेवून फिरविला असता विशिष्ट दिशेने एक केस दुहेरी दिसतो. काचेत तसे घडत नाही. रंगीत मण्यांत रंग केवळ भेगांतच साचला असेल, तर तो वरून मुरविलेला आहे असे समजावे. मात्र या खुणा प्राथमिक होत. कारखान्यात वाढविलेला स्फटिक गुणधर्मांनी नैसर्गिकासारखाच असतो. त्याचा निवाडा प्रयोगशाळेनेच करावा. खडा घासून वा तापवून घरी परीक्षा करू नये.

माणकाबाबत विशेष सावध असावे. अनेक स्वस्त माणकांच्या भेगांत शिसेयुक्त काच भरलेली असते. अशी अंगठी पूजेच्या भांड्यांसोबत लिंबाने किंवा चिंचेने घासली, तर आम्लाने ती काच झिजते आणि खडा निस्तेज होतो. तेल भरलेल्या पाचूलाही कढत पाणी मानवत नाही.

दागिन्यावरील हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याची नव्हे, हे ध्यानी ठेवावे. म्हणून पावतीवर खड्याचे नाव, वजन, ‘नैसर्गिक’, ‘संस्कारित’ की ‘कृत्रिम’ हा उल्लेख आणि सोन्याहून वेगळी किंमत लिहून घ्यावी. रत्तीचे माप ठिकठिकाणी निराळे असल्याने वजन कॅरटमध्ये मागावे. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. मौल्यवान खड्यासाठी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्यावे. मुंबईत १९७१ पासून जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. जो सराफ संस्कार लेखी देण्यास कचरतो, त्याच्या दुकानाची पायरी मुहूर्त टळला तरी उतरावी.

देवाला भाव प्रिय असतो, खड्याचे मोल नव्हे. तुळशीची माळही जपाला पुरते. पण स्फटिक म्हणून जे घ्यावयाचे, ते स्फटिकच असावे. लक्ष्मीपूजनाच्या घरी आलेली प्रत्येक वस्तू तिच्या खऱ्या नावाने यावी, यातच सणाचे मांगल्य आहे.