टाके निघाले, पण गुडघा बरा झाला का?

गुडघ्याचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, ठणका थांबला की कमावत्या माणसाचे मन घरात रमत नाही. रोजावर जाणाऱ्याला खाडा परवडत नाही. ‘आता कुठे दुखतंय?’ म्हणत तो कुबड्या कोपऱ्यात ठेवतो आणि कामावर जातो. येथेच घात होतो.

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तिला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती आपोआप भरून येत नाही. तिला मज्जातंतूही नाहीत, म्हणून दुखणे थांबले म्हणजे ती भरली असे नव्हे. अमेरिकेतील डॉ. रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात ‘मायक्रोफ्रॅक्चर’ पद्धत सुरू केली. तीत कूर्चा गेलेल्या जागी हाडाला बारीक छिद्रे पाडतात. त्यातून आलेले रक्त तेथे गोठते आणि काही महिन्यांत त्यातून नवा थर तयार होतो. सुरुवातीला तो फार नाजूक असतो. भार पडला की तो निखळू शकतो.

म्हणून बहुधा सहा ते आठ आठवडे कुबड्या लागतात. पायावर भार किती व कधी द्यायचा, हे डॉक्टरांनाच विचारावे. जखमेच्या जागेप्रमाणे ते बदलते. मात्र भार नको म्हणजे हालचाल नको, असे नाही. हालचालीनेच कूर्चेला पोषण मिळते. फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे मांडीचा स्नायू आवळून सोडणे, पाय सरळ ठेवून उचलणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे हे व्यायाम रोज करावेत. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नये; गुडघा वाकलेलाच आखडतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी टाकावा.

डॉक्टर सांगेपर्यंत उकिडवे बसणे आणि मांडी घालणे बंद. संडासासाठी कमोडची खुर्ची वापरावी. ऑपरेशन घरच्या बाईचे असेल तर पाण्याचा हंडा आणि धुणे-भांडी इतरांनी उचलावीत. ‘थोडंसंच करते’ हे तिचे म्हणणे ऐकू नये.

पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पू आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणभरही थांबू नये.

धावपळीचे व ओझ्याचे काम सुरू व्हायला सहा महिने, कधी वर्षही लागते. म्हणून रजेची आणि घरखर्चाची सोय ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच घरात बसून ठरवावी. घाईने कमावलेल्या चार दिवसांच्या रोजापायी आयुष्यभराचा गुडघा गमावू नये.