आधी रंधा, मग तुकडे
सार्वजनिक कार्यशाळेत जॉइंटर-प्लॅनर वापरताना

अमेरिकेत आल्यावर आपल्यातल्या बऱ्याच जणांना सुतारकामाचा नाद लागतो. भारतात खिळा ठोकायलाही सुतारदादांना बोलावणारे आपण, इथे शनिवारी सकाळी मेकरस्पेसमध्ये गॉगल चढवून उभे असतो. महिन्याची वर्गणी भरली आणि प्रशिक्षणाचा तास केला, की घरच्या गॅरेजमध्ये कधी मावणार नाहीत अशी यंत्रं हाताशी येतात. करायच्या वस्तूंची यादी तर डोक्यात तयारच असते: देव्हारा, चौरंग, पाट, पोळपाट.

ही यादी नीट पाहा. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू छोट्या तुकड्यांची आहे. आणि कार्यशाळेतलं एक यंत्र असं आहे, की त्याला छोटे तुकडे अजिबात चालत नाहीत. ते यंत्र म्हणजे जॉइंटर-प्लॅनर. म्हणून हा लेख खास आपल्या लोकांसाठी.

हातरंधा आणि हा रंधा

गावाकडे सुताराला रंधा मारताना तुम्ही पाहिलं असेल. लाकूड बाकावर घट्ट, रंधा त्याच्यावरून फिरतो. दोन्ही हात रंध्याला धरलेले, म्हणजे पात्याच्या वरच्या बाजूला आणि पात्यापासून सुरक्षित.

जॉइंटरवर सगळं उलटं होतं. पाती टेबलाच्या पोटात बसवलेली असतात आणि लाकूड त्यांच्यावरून सरकतं. ते सरकवणारा तुमचा हात लाकडाच्या वर असतो. हात आणि पातं यांच्यामध्ये फक्त लाकडाची जाडी. लाकूड निसटलं की मध्ये काहीच उरत नाही.

पात्यांचा रूळ, म्हणजे कटरहेड, मिनिटाला साधारण ५,००० फेरे घेतो. तीन पाती असली तर ते सेकंदाला २५० काप झाले. टेबल सॉ बघून माणूस घाबरतो, कारण तिचं चक्र डोळ्यांना दिसतं. जॉइंटरची पाती गार्डखाली लपलेली असतात. नव्या पद्धतीच्या, छोट्या चौकोनी पात्यांच्या सर्पिल कटरहेडचा आवाजही कमी असतो. त्यामुळे भीती कमी वाटते, धोका मात्र तेवढाच राहतो. करवतीने तुटलेलं बोट कधीकधी शल्यविशारद जोडू शकतात. जॉइंटर बोटाचा भुगा करतो, जोडायला काही शिल्लक ठेवत नाही. टेबल सॉमध्ये बोट लागताच चक्र थांबवणारी ब्रेकची सोय काही कार्यशाळांत असते. तिच्या भरवशावर जॉइंटरपाशी जाऊ नका.

एका यंत्राची दोन कामं

जागा वाचावी म्हणून अनेक कार्यशाळा जोडयंत्र घेतात. वर जॉइंटर, खाली प्लॅनर, कटरहेड एकच. जॉइंटर फळीचा बाक आणि पीळ काढून एक बाजू सपाट करतो, मग तिला काटकोनात एक कड करून देतो. त्यानंतर टेबलं उचलून यंत्र प्लॅनर होतं. आता लाकूड कटरहेडच्या खालून जातं आणि दुसरी बाजू पहिलीला समांतर होते, म्हणजे फळी सगळीकडे एकाच जाडीची होते.

क्रम कायम हाच: आधी एक बाजू, मग कड, मग जाडी. प्लॅनर वाकडी फळी सरळ करत नाही. त्याचे रूळ तिला दाबून आत घेतात आणि बाहेर पडल्यावर ती पुन्हा होती तशी वाकते.

आधीचा माणूस काय ठेवून गेला?

घरच्या यंत्राची तुम्हाला नस माहीत असते. सार्वजनिक यंत्र काल कोणी, कसं वापरलं हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून बटण दाबण्याआधी दोन मिनिटं द्या.

काप किती खोल लावलाय ते बघा. कठीण लाकडाला एका वेळी एक षोडशांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटर, पुष्कळ झाला. फेन्स पक्का कसलाय का ते हलवून पाहा. गार्ड हाताने सरकवून सोडा. तो आपोआप परत आला पाहिजे. कोणी तो बांधून किंवा काढून ठेवला असेल, तर यंत्र वापरू नका, जबाबदार माणसाला सांगा. आउटफीड टेबल पात्याच्या सर्वांत वरच्या बिंदूशी समपातळीत हवं. ते वर असलं तर फळी अडकते, खाली असलं तर फळीचं शेवटचं टोक खाली आदळतं. ते स्वतः जुळवायला जाऊ नका, प्रशिक्षकाला बोलवा. पात्यांना हात लावायची वेळ आलीच, तर आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

मग लाकूड तपासा. जुन्या पॅलेटमध्ये किंवा मोडीत काढलेल्या फर्निचरमध्ये खिळे आणि स्टेपल असतात. सुटी गाठ असेल तर ती उडू शकते. रंगवलेलं जुनं लाकूड तर आणूच नका. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या रंगाचा भुगा सगळ्यांच्या छातीत जाईल. प्लायवुड आणि एमडीएफसुद्धा नको, त्यातल्या सरसाने पाती बोथट होतात.

शेवटी स्वतःकडे बघा. ओढणी, लांब बाह्या, बांगड्या, अंगठी, कडं सगळं काढून ठेवा. मंगळसूत्र किंवा गळ्यातला गोफ काढायचा नसेल तर टी-शर्टच्या आत खोचा. केस बांधा. हातमोजे घालू नका. फिरतं पातं मोज्याचा धागा पकडतं आणि हात ओढून घेतं. डोळ्यांना गॉगल, कानांना संरक्षण आणि धूळ ओढणारं यंत्र सुरू. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातलं, तेव्हा मास्कचा कंटाळा नको.

हात कुठे ठेवायचे

फळीची खोलगट बाजू खाली ठेवा, म्हणजे ती डुगडुगणार नाही. कडेच्या रेषा पाहा. त्या खाली उतरत तुमच्याकडच्या टोकाला जात असतील तर दिशा बरोबर आहे. मांजराच्या अंगावरून लवेच्या दिशेने हात फिरवावा, तसं पातं जातं. उलट दिशेने घातलं तर लाकूड सोलपटतं आणि झटका देतं. पाती लाकडाच्या चालीविरुद्ध फिरतात, म्हणून झटका बसला की फळी तुमच्याच दिशेने येते. नेमकं तिच्या मागे उभं राहू नका. थोडं बाजूला, पाय पक्के रोवून उभं राहा.

सपाट बाजू करताना दोन्ही हातांत पुश ब्लॉक हवेत. फूटभर फळी पलीकडे गेली, की दाब हळूहळू आउटफीडच्या बाजूला न्या. पात्याच्या वर हात कधीच थांबू नये, आणि फळीच्या मागच्या टोकाला अंगठा अडकवून ढकलू नये. लाकूड निसटलं तर ते जाऊ द्या. पकडायला झेपावणारा हातच पात्यावर पडतो.

प्लॅनरच्या वेळी रूळ स्वतः लाकूड ओढतात. बहुतेक जोडयंत्रांत फळी आता दुसऱ्या बाजूने घालायची असते, ते आधी समजून घ्या. रुळांनी पकडलं की हात सोडा. आत वाकून बघू नका. दोन वेगळ्या जाडीच्या फळ्या शेजारी शेजारी घालू नका. रूळ जाड फळीला दाबतो आणि पातळ फळी मोकळी राहून मागे फेकली जाते. अडकलं तर यंत्र बंद करा आणि फिरणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा. बटण बंद केल्यावरही कटरहेड काही काळ फिरत राहतं.

पोळपाटाचं गणित

आता आपल्या यादीकडे येऊ. १२ इंचांपेक्षा कमी लांबीचा किंवा अर्ध्या इंचापेक्षा कमी जाडीचा तुकडा जॉइंटरवर ठेवू नये. यंत्राच्या पुस्तिकेत याहून मोठा आकडा असेल तर तो पाळा. प्लॅनरसाठीही पुस्तिकेतली किमान लांबी पाहा. दोन रुळांमधल्या अंतरापेक्षा आखूड तुकडा मध्येच मोकळा सुटतो.

पोळपाट दहा इंचांचा, त्याचे पाय त्याहून छोटे, देव्हाऱ्याच्या कळसाच्या पट्ट्या बोटभर. हे तुकडे आधी कापून मग यंत्रावर न्यायचा मोह होतो, कारण माप डोळ्यांसमोर असतं. ते करू नका. चार फुटांची मेपलची फळी घ्या. ती अखंड असतानाच एक बाजू, एक कड आणि जाडी करून घ्या. मग बँड सॉवर तिच्यातून गोल कापा. एका फळीत तीन पोळपाट निघतील, एक घरी आणि दोन मैत्रिणींना. पायांच्या पट्ट्याही लांब असतानाच रंधून घ्या आणि शेवटी तोडा. पोळपाट होऊन गेल्यावर खालून जरा उंचसखल वाटला, तर हातरंधा किंवा सँडपेपर आहे. तेवढ्यासाठी जॉइंटर सुरू करायचा नाही.

चार माणसांची रीत

जॉइंटरवर उभ्या असलेल्या माणसाला हाक मारू नका, खांद्यावर हात ठेवू नका. तो यंत्र बंद करून वर बघेपर्यंत थांबा. व्हिडिओ काढायचा हट्ट नको. तुमच्या हातून पात्याला खाच पडली तर लपवू नका, फळ्यावर लिहा. आणि प्रश्न विचारायला संकोच करू नका. 'एवढं मोठं शिक्षण झालंय, हे काय विचारायचं' असं आपल्याला वाटतं. या यंत्रापुढे सगळे सारखेच नवशिके.

मुलांबद्दलही सांगायला हवं. १८ वर्षांखालील मुलांना पगारी कामात विजेची सुतारी यंत्रं चालवायला इथल्या फेडरल कायद्याने, शिकाऊ विद्यार्थ्यांसारखे मोजके अपवाद सोडून, मनाई आहे. हौसेच्या कामालाही तीच वयाची रेघ मानलेली बरी. तोवर मुलांना मापं घेऊ द्या, रेषा वाचायला शिकवा, हातरंधा द्या. उन्हाळ्यात भारतातून आजोबा येतील, तेव्हा दोघांना एका बाकावर कामाला लावा.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून त्यांना फूल वाहतो. त्या दिवशी हत्यार चालत नाही, त्याच्याकडे नीट पाहिलं जातं. जॉइंटरपाशी प्रत्येक वेळी तशी दोन मिनिटं काढा. या दिवाळीत तुमच्या हातच्या पोळपाटावर करंज्या लाटल्या जावोत. शुभ दीपावली!