संगणकांची इर्जिक

महाराष्ट्रातील खेड्यांत पूर्वी इर्जिक नावाची एक रीत होती. एखाद्या शेतकऱ्याची नांगरट मागे राहिली, की गावातील दहा-वीस जण आपापले नांगर आणि बैलजोड्या घेऊन त्याच्या शेतात उतरत. एका दिवसात सारे रान नांगरून होई. मजुरी कोणी मागत नसे. त्या दिवशीचे जेवण मात्र शेतधन्याकडे असे. वैद्यकीय संशोधनातील एक फार मोठी नांगरट गेली पंचवीस वर्षे अशाच रीतीने चालली आहे. तेथे बैलजोड्यांच्या जागी लोकांच्या घरांतील संगणक आहेत, आणि ज्या रानात ते उतरतात ते डोळ्यांना दिसत नाही इतके लहान आहे.

ते रान म्हणजे प्रथिन. अन्न पचविणे, प्राणवायू वाहून नेणे, रोगजंतूंशी झुंजणे ही शरीरातील कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ होय. ही माळ तयार झाली की सरळ राहत नाही. ती वळते, दुमडते, स्वतःभोवती घड्या घालून घेते आणि शेवटी एका ठरावीक आकारात स्थिरावते. त्या आकारावरच तिचे काम अवलंबून असते. किल्लीचे दाते बदलले तर कुलूप उघडत नाही, तसेच हे आहे. घडी चुकली तर प्रथिन निरुपयोगी होते, कधी घातकही ठरते. अल्झायमर या विस्मरणाच्या रोगात रोग्याच्या मेंदूत अशा बिघडलेल्या प्रथिनांचे पुंजके आढळतात. या माळेचा प्रत्येक दुवा कोणत्या कोनांतून वळू शकतो आणि कोणत्या कोनांतून वळू शकत नाही, याचा नकाशा भारतीय शास्त्रज्ञ गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी मद्रास येथे तयार केला व सन १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. आजही जगातील प्रथिनशास्त्रज्ञ तो वापरतात.

प्रथिनाचा शेवटचा आकार कसा असेल, हे आता संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने बऱ्याच अंशी सांगता येते. त्या कामाबद्दल सन २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही दिले गेले. पण प्रथिन त्या आकारापर्यंत पोहोचते कसे, वाटेत ते कोठे अडखळते, आणि आकार घेतल्यावरही ते कसे हलते-डुलते, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. छायाचित्रावरून धावणाऱ्या घोड्याची चाल कळत नाही. ती चाल पाहावयाची तर प्रथिनातील आणि त्याच्या भोवतीच्या पाण्यातील प्रत्येक अणूवर या क्षणी किती बल आहे व तो कोणीकडे सरकेल, याचे गणित करावे लागते. मग पुढच्या क्षणाचे, मग त्याच्या पुढच्या क्षणाचे. हा क्षण किती लहान? एका सेकंदाचे दहा कोटी भाग करावेत आणि त्यांतील प्रत्येक भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत. असे दोन भाग म्हणजे गणिताचे सामान्यतः एक पाऊल. प्रथिनाच्या हालचालीचा सेकंदाचा हजारावा भाग पाहण्यास अशी पन्नास हजार कोटी पावले टाकावी लागतात, आणि प्रत्येक पावलास हजारो, कधी लाखो अणूंचा हिशेब असतो.

एवढे गणित एका यंत्राकडून करवून घ्यावयाचे म्हटले तर कित्येक वर्षे जातील. म्हणून १ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी एक उपक्रम सुरू केला. त्याचे नाव ‘फोल्डिंग ॲट होम’. घरातील संगणक दिवसाचे कित्येक तास नुसता बसून असतो. त्या रिकाम्या वेळेत त्याने प्रथिनांचे गणित करावे, ही त्यामागील कल्पना. स्वयंसेवक एक छोटा कार्यक्रम आपल्या संगणकावर उतरवून घेतो. तो कार्यक्रम इंटरनेटवरून कामाचा एक गठ्ठा मागवितो, गणित करतो, उत्तर परत पाठवितो आणि दुसरा गठ्ठा मागवितो. अशाच धर्तीवर सन २००४ मध्ये आयबीएम कंपनीने ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’ आणि सन २००५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने ‘रोझेटा ॲट होम’ हे उपक्रम काढले. वर उल्लेखिलेल्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी हेच बेकर होत.

आता ज्याला या कामात वाटा उचलावयाचा आहे, त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो यंत्राचा. कोणता संगणक या कामाला चांगला? दुकानदार म्हणेल, सर्वांत महाग तो. हे उत्तर बरोबर नाही. इर्जिकीला जाणारा शेतकरी आधी विचारतो, रान काळीचे की मुरमाड, आणि मगच जोडी निवडतो. येथेही आधी काम कसे आहे ते पाहावे लागते.

कामे दोन जातींची असतात. एक काम खुरपणीसारखे. शेताचे पन्नास वाफे असतील तर पन्नास माणसे एकाच वेळी पन्नास वाफ्यांत बसू शकतात. एकाचा हात मंद असला तरी दुसऱ्याचे काही अडत नाही. रोझेटाचे काम या जातीचे होते. एकाच माळेला हजारो निरनिराळ्या रीतींनी दुमडून पाहावयाचे आणि त्यांतील उत्तम घडी निवडावयाची. प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र. अशा कामाला संगणकाचा मुख्य प्रोसेसर पुरतो. त्यात जितकी गणनकेंद्रे अधिक, तितके प्रयत्न एकाच वेळी चालतात. मात्र प्रत्येक प्रयत्नाला आपापली स्मृती लागते, म्हणून रॅम भरपूर हवी. आठ केंद्रे आणि तुटपुंजी रॅम असा संगणक म्हणजे आठ माणसे आणि तीनच खुरपी.

दुसरे काम हरकाऱ्यांच्या डाकेसारखे. पूर्वी एक हरकारा थैली घेऊन काही कोस धावे आणि ती पुढच्या हरकाऱ्याच्या हाती देई. मधला एक जण झाडाखाली निजला, तर पुढचे सारे ताटकळत. फोल्डिंग ॲट होमचे पुष्कळसे काम या जातीचे आहे. एका गठ्ठ्यात प्रथिनाच्या हालचालीचा जेवढा तुकडा असतो, त्याच्या शेवटच्या क्षणापासून पुढचा गठ्ठा सुरू होतो. पहिले उत्तर आल्याशिवाय दुसरे काम तयारच होत नाही. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर मुदत घातलेली असते; मुदत टळली की तोच गठ्ठा दुसऱ्या संगणकाकडे जातो, आणि पहिल्याने जाळलेली वीज बहुधा फुकट जाते. लवकर परत येणाऱ्या उत्तरास अधिक गुण देण्याची रीतही यासाठीच आहे. तेव्हा येथे एक वेगवान यंत्र दहा मंद यंत्रांपेक्षा अधिक मोलाचे ठरू शकते.

हा वेग मुख्य प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डातून अधिक मिळतो. ग्राफिक्स कार्ड मुळात खेळांतील चित्रे रंगविण्यासाठी जन्मास आले. पडद्यावर लक्षावधी ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदात अनेक वेळा मोजावा लागतो. म्हणून त्यात थोड्या हुशार केंद्रांऐवजी साध्या केंद्रांची मोठी फौज बसविलेली असते. सन २०२२ मध्ये आलेल्या एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०९० या कार्डात अशी १६,३८४ केंद्रे आहेत. ठिपक्यांऐवजी अणू ठेवले, की हीच फौज प्रथिनाचे गणित करू लागते. शास्त्रज्ञांनी ही युक्ती सन २००६ पासून वापरली. पुढल्या वर्षी सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ३ हे खेळण्याचे यंत्रही या कामास जुंपले गेले आणि सन २०१२ पर्यंत ते राबले. खेळण्यासाठी घेतलेली वस्तू अशी रोग्यांच्या कामी आली, हे ऐकून ती विकत घेऊन देणाऱ्या कित्येक आईबापांना नवल वाटले असेल.

तरीही सर्वांत मोठे कार्ड घेणे नेहमीच शहाणपणाचे नसते. प्रथिन लहान असले तर अणू थोडे असतात. मग फौजेतील बरेच शिपाई रिकामे उभे राहतात. शिवाय आरटीएक्स ४०९० भर कामात ४५० वॅटपर्यंत वीज घेऊ शकते. मध्यम प्रतीचे अलीकडचे कार्ड पुष्कळांना पुरेसे होते. वीजमर्यादा थोडी खाली आणून ठेवण्याची सोयही अशा कार्डांत असते. त्याने वेग किंचित घटतो, पण विजेची बचत त्या मानाने बरीच होते. फार जुनी कार्डे मात्र टाळावीत. काहींना या गणिताला लागणारी सूक्ष्म अपूर्णांकांची आकडेमोड जमतच नाही, आणि ज्यांना जमते ती थोड्या कामासाठी फार वीज खातात.

विजेचा हिशेब प्रत्येकाने कागदावर मांडावा. समजा, एक संगणक कामात असताना ३०० वॅट वीज घेतो. छतावरच्या साधारण चार पंख्यांना लागते तेवढी ही वीज झाली. तो अहोरात्र चालला तर दिवसाला ७.२ युनिट आणि तीस दिवसांत २१६ युनिट वीज खर्च होईल. संगणकाच्या पेटीत भिंतीवरील वीज आतल्या भागांना योग्य करून देणारा एक भाग असतो. खरेदीच्या वेळी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्याची कार्यक्षमता शेकडा ८० असेल, तर आत ३०० वॅट पोहोचविण्यासाठी तो भिंतीतून ३७५ वॅट ओढतो. तीच शेकडा ९० असेल तर सुमारे ३३३ वॅट पुरतात. फरक ४२ वॅटचा, म्हणजे दिवसाला एक युनिट आणि वर्षाला ३६५ युनिट. स्वस्तात घेतलेला हा भाग पुढे दरमहा आपली किंमत वसूल करीत राहतो.

जितकी वीज आत जाते, तितकी सारी उष्णतेच्या रूपाने खोलीत बाहेर पडते. युरोपातील एखाद्या स्वयंसेवकाला डिसेंबरात ही ऊब हवीशी वाटेल. विदर्भातील वैशाखात ती कोणाला सोसवेल? म्हणून हवा खेळती राहील अशी मोठी पेटी, मोठे व संथ फिरणारे पंखे आणि महिन्या-दोन महिन्यांनी धूळ झटकणे, या साध्या गोष्टींना फार महत्त्व आहे. लॅपटॉप या कामाला दुबळाच. त्याचे अंग पातळ असल्याने उष्णता कोंडते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. वीज वारंवार जात असेल तर फारसे बिघडत नाही, कारण कार्यक्रम ठरावीक वेळाने आपली प्रगती नोंदवून ठेवतो आणि वीज परत आली की तेथूनच पुढे चालू लागतो. डिस्क लहान असली तरी चालते. इंटरनेटही फार वेगाचे लागत नाही. संगणकाचा बहुतेक वेळ गणितात जातो, देवाणघेवाणीत नव्हे.

एका दोषाला मात्र येथे क्षमा नाही, आणि तो म्हणजे चुकीचे उत्तर. काही हौशी लोक कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा आपले यंत्र अधिक जोरात पळवितात. खेळात त्याने फार तर पडद्यावरचा एक ठिपका क्षणभर चुकीच्या रंगाचा दिसेल. कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण प्रथिनाच्या गणितात एक अणू चुकीच्या जागी गेला, की पुढच्या पावलाला शेजारचे अणू भलतीकडे फेकले जातात आणि तासाभरात सारे गणित कोसळते. कार्यक्रम अशी चूक पुष्कळदा ओळखतो व गठ्ठा टाकून देतो. म्हणजे वीज गेली आणि वेळही गेला. गुणांच्या शर्यतीत उतरलेल्यांना ही गोष्ट उशिरा समजते. थोडे सावकाश, पण महिनोन्‌महिने न चुकता चालणारे यंत्र प्रयोगशाळेला अधिक प्रिय असते.

नवे यंत्र घ्यावे की असलेलेच वापरावे, हा प्रश्नही उरतोच. घरात एखादा बऱ्यापैकी संगणक असेल तर तोच रिकाम्या वेळी कामास लावणे हे या उपक्रमांच्या मूळ कल्पनेला धरून आहे. केवळ दानासाठी महागडे यंत्र घेणाऱ्याचा हेतू चांगला असतो. त्याने ती रक्कम विजेच्या खर्चासह एकदा मांडून पाहिली म्हणजे झाले. शाळेतील वा कचेरीतील संगणकांवर मात्र, ते रात्रभर रिकामे असले तरी, तेथील प्रमुखांच्या परवानगीशिवाय असा कार्यक्रम घालता येत नाही. वीज दुसऱ्याची, यंत्र दुसऱ्याचे, आणि दान आपले, असे होत नसते. कार्यक्रमही त्या त्या संस्थेच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावा.

सन २०२० च्या आरंभी फोल्डिंग ॲट होमकडे सुमारे तीस हजार संगणक काम करीत होते. कोरोनाची साथ पसरली, आणि घरात अडकून पडलेल्या लोकांनी आपली यंत्रे या कामी जोडण्यास सुरुवात केली. पाहता पाहता त्यांची संख्या दहा लाखांवर गेली. मार्च महिन्यात या साऱ्यांचा मिळून वेग सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांच्या पलीकडे गेला. एकट्या महासंगणकाला, अमेरिकेतील ‘फ्रॉन्टियर’ला, त्या वेगाची अधिकृत नोंद करावयास सन २०२२ उजाडले. या वेळी उपक्रमाचे प्रमुख ग्रेग बोमन हे होते. विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यासारखे प्रथिन पेशीला चिकटण्यापूर्वी तोंड कसे उघडते, ते या गणितातून दिसले. प्रथिनांच्या अंगावर एरवी झाकलेले असे खिसे दिसले, की ज्यांत औषधाचा रेणू अडकविता येईल. लोकांनी मिळून केलेल्या त्या सर्व गणिताची लांबी प्रथिनाच्या काळात मोजली, तर ती भरली सेकंदाचा दहावा भाग.

त्या मार्चमध्ये एक चमत्कारिक अडचणही उभी राहिली. संगणक होते, वीज होती, पण गठ्ठे वाटणारी विद्यापीठांतील यंत्रे इतक्या मागण्यांना पुरी पडेनात. लाखो संगणक काम मागत, आणि त्यांना कामच मिळेना. शेवटी काही कंपन्यांनी आपले सर्व्हर आणि साठवणुकीची जागा देऊ केली, तेव्हा कोठे गठ्ठे पुन्हा नीट वाटले जाऊ लागले.