हॉस्पिस : संज्ञा आणि सेवा

असाध्य रोगाने ग्रासलेल्या माणसाच्या अखेरच्या काळातील सेवेस ‘हॉस्पिस’ असे नाव आहे. मराठीत तिला सर्वांच्या तोंडी बसलेला प्रतिशब्द अद्याप नाही, आणि सुचतात त्यांपैकी बरेच दिशाभूल करणारे आहेत. ‘मृत्युगृह’ हा शब्द कानी पडताच आप्तांचे मन माघार घेते. परिणामी रोग्यास ही सेवा लाभली तरी ती फार उशिरा लाभते. तेव्हा ह्या संज्ञेचा विचार केवळ कोशकाराच्या सोयीचा म्हणता यावयाचा नाही.

मूळ लॅटिन ‘होस्पेस्’ ह्या शब्दाचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही. त्यावरून ‘होस्पितियुम्’ म्हणजे आतिथ्य, तसेच वाटसरूंचे उतरण्याचे ठिकाण. आपल्याकडील धर्मशाळाच म्हणा ना! ‘हॉस्पिटल’ व ‘हॉटेल’ ही त्याच कुळातील भावंडे होत. डब्लिन येथे 1879 मध्ये आयरिश जोगिणींनी मरणोन्मुखांसाठी हॉस्पिस काढले, आणि त्याच संघाचे लंडनमधील सेंट जोसेफ हॉस्पिस 1905 मध्ये सुरू झाले. परंतु ह्या सेवेस शास्त्राची बैठक दिली ती सिसिली सॉन्डर्स (1918–2005) ह्या विदुषीने. प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर, असा त्यांचा प्रवास आहे. सेंट जोसेफमध्ये त्यांनी रोग्यांची बोलणी ध्वनिफितीवर टिपून घेतली. कोठे दुखते असे विचारले असता रोगी शरीराबरोबरच घरची ओढगस्त, एकटेपणा, भीती हेही सांगत. ह्या सर्वांस मिळून सॉन्डर्स ‘सकल वेदना’ म्हणत. दुसरी गोष्ट त्यांनी ठामपणे मांडली ती औषधाच्या वेळेची: दुखणे उसळण्याची वाट न पाहता ठरावीक तासांनी मॉर्फीन द्यावे, म्हणजे रोग्यास ते मागत बसावे लागत नाही. 1967 मध्ये त्यांनी लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले.

येथे एका मराठी शब्दाचे स्मरण होते. ‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ धातूचे इच्छार्थक रूप. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. सेवा हा अर्थ त्यास मागाहून चिकटला. सॉन्डर्सबाईंच्या कार्यास ह्याहून चपखल शब्द सापडणे कठीण!

नावाची अडचण इतरांनाही भोवली आहे. फ्रेंचमध्ये ‘ऑस्पीस’ म्हणजे निराधार वृद्धांचा आश्रम. म्हणून मॉन्ट्रिऑल येथे अशी सेवा सुरू करताना (1975) बॅलफर माउंट ह्या शल्यचिकित्सकाने ‘पॅलिएटिव्ह केअर’ अशी संज्ञा योजिली. ‘पाल्लियुम्’ म्हणजे अंगावर घ्यावयाचे वस्त्र, पांघरूण. ‘उपशामक सेवा’ हा मराठी पर्याय अर्थाने बरोबर आहे, पण पांघरुणाची ऊब त्यात नाही.

काशीवासाशी ह्या सेवेची तुलना कोणी करतात, तीही लागू पडत नाही. काशीस जाणारा मुक्तीच्या ओढीने जातो, औषधोपचाराचा तेथे प्रश्न नसतो. हॉस्पिसमध्ये उपचार चालूच राहतात, फक्त रोग हटविण्याचा अट्टाहास सोडून वेदना, धाप, उलट्या व निद्रानाश ह्यांकडे लक्ष वळविले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या व्याख्येनुसार उपशामक सेवेचा आरंभ रोगाच्या प्रारंभीच, मूळ उपचारांच्या जोडीने व्हावयास हवा. ‘आता करण्यासारखे काही उरले नाही’ हे आपल्याकडील नित्याचे वाक्य ह्या दृष्टीने चुकीचे ठरते.

भारतातील पहिले हॉस्पिस ‘शांती अवेदना सदन’ हे मुंबईत वांद्रे येथे 1986 मध्ये निघाले. ‘अवेदना’ हा शब्द योजणाऱ्याचे कौतुक केले पाहिजे, कारण त्यात मरणाचा उल्लेख नसून कार्याचा आहे. केरळात कोझिकोडे येथे 1993 पासून वाढलेल्या चळवळीने इमारतीचीही अट काढून टाकली. शेजारपाजारचे स्वयंसेवक व परिचारिका रोग्याच्या घरीच जातात. मॉर्फीनची वाट मात्र बिकट राहिली. अमली पदार्थांसंबंधीच्या 1985 च्या कायद्यामुळे ते मिळविण्यास रुग्णालयांना अनेक परवाने लागू लागले. 2014 च्या दुरुस्तीने नियम देशभर सारखे व सुटसुटीत केले. तरीही मॉर्फीन म्हणजे व्यसन, किंवा मॉर्फीन म्हणजे शेवट, ही समजूत रोग्याच्या घरात आणि क्वचित डॉक्टरांच्या मनातही टिकून आहे, आणि तिच्यापायी टाळता येण्याजोगे दुखणे माणसे सोशीत राहतात.