गिअरबॉक्समध्ये कोणते तेल?

मृग लागला की आपल्या गोंदिया जिल्ह्यात आधी पऱ्हे टाकायची आणि मग चिखलणीची घाई सुरू होते. ज्या गटांची अवजार बँक आहे, त्यांच्या ट्रॅक्टरला त्या दिवसांत दम घ्यायला फुरसत नसते. आज आपण अशा गोष्टीवर बोलू, जी आपण सहसा मिस्त्रीवरच सोडून देतो. ती म्हणजे गिअरबॉक्सचे तेल.

इंजिनचे तेल आणि गिअरचे तेल वेगळे. इंजिनचे तेल काजळी धरून ठेवते, उष्णता वाहून नेते. गिअरबॉक्समध्ये काजळी नसते, पण दात दातावर प्रचंड दाबाने घासतात. त्या दाबातही तुटणार नाही असा तेलाचा पापुद्रा तिथे लागतो. डब्यावर ९० आकडा दिसला की ते ४० नंबरच्या इंजिन तेलापेक्षा दुपटीने जाड असेल असे वाटते. तसे नाही. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. ९० चे गिअर ऑइल साधारण ४०-५० च्या इंजिन तेलाइतकेच जाड असते.

मग मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून १४० नंबरचे जाड तेल घालावे का? दुकानात असा सल्ला मिळतो. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिले नसेल तर घालू नका. जाड तेलात गिअर जड पडतात आणि डिझेल जास्त जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. आजकालच्या अनेक ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, आणि गिअर, मागचा डिफरन्शियल, हायड्रॉलिक लिफ्ट या सगळ्यांना एकच तेल पुरते. अशा ट्रॅक्टरला ‘यूटीटीओ’ प्रकारचे तेल लागते. त्यात साधे गिअर ऑइल ओतले, तर ब्रेक कर्रकर्र वाजतात, थरथरतात, पकड कमी होते. धुऱ्यावरून उतरताना मागे भरलेली ट्रॉली आणि पुढे शाळेतून येणारी पोरे असली, तर ब्रेकची किंमत कळते. याउलट, सुक्या ब्रेकच्या जुन्या ट्रॅक्टरांना बहुधा ईपी ९० चालते. म्हणून “ट्रॅक्टरचे ऑइल द्या” एवढे सांगून डबा आणायचा नाही. मॉडेलचे नाव आणि पुस्तिकेतले पान दोन्ही सोबत न्यायचे.

डब्यावर ‘जीएल-४’ किंवा ‘जीएल-५’ असेही लिहिलेले असते. पाच मोठा म्हणून चांगला, असा हिशेब इथे चालत नाही. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्ये जास्त असतात. काही गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना ती खातात. शर्यतीच्या लाखमोलाच्या मोटारींनाही हाच नियम आहे. तिथेही महाग तेल नव्हे, त्या गिअरबॉक्सला सांगितलेले तेलच घालतात.

आपल्याकडची खरी वैरीण मात्र बांधीतली चिखल-पाण्याची चिखलणी. अॅक्सलचे सील झिजले की पाणी आत शिरते. तेल दुधाळ, ताकासारखे दिसले तर समजा पाणी मिसळले. नुसते वरून तेल टाकून भागत नाही. सील बदला, सगळे तेल काढा. अनेक ट्रॅक्टरांत ४० लिटरच्या वर तेल बसते, म्हणजे खर्च मोठा. म्हणूनच रोवणी संपल्यावर गटातल्या एकीने सपाट जागेवर, ट्रॅक्टर थंड असताना, पट्टी काढून रंग आणि पातळी पाहावी आणि तारखेसह वहीत लिहावे. तेल बदलताना काढण्याच्या बोल्टवर बारीक चकाकी दिसली तर चालते. लोखंडाचे तुकडे दिसले तर कामच थांबवा.

डबा सीलबंद घ्या. गटाच्या नावाने पक्की पावती घ्या आणि तिच्यावर तेलाचा पूर्ण प्रकार लिहून मागा.

काढलेले जुने तेल बोडीत, नालीत किंवा धुऱ्यावर ओतू नका. थोडेसे तेलही पाण्यावर दूरवर पसरते, आणि त्याच बोडीवर आपली गुरे पाणी पितात. झाकणाच्या डब्यात साठवा आणि जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.