बौद्ध धम्म, आत्महत्या आणि मृत्यूनंतरचं काही

मज्झिम निकायात छन्नोवाद सुत्त आहे. राजगृहाजवळ गृध्रकूटावर छन्न नावाचे भिक्खू असह्य वेदनेत पडलेले असतात. (सिद्धार्थाचा सारथी छन्न वेगळा.) जगायचं नाही, असं ते सांगतात. बुद्धांचे शिष्य सारिपुत्त त्यांना पापाची भीती घालत नाहीत. छन्नांनी जगावं हीच आमची इच्छा आहे, असं ते म्हणतात. योग्य अन्न मिळत नसेल तर मी आणतो, औषध नसेल तर ते शोधतो, सेवेला कुणी नसेल तर मी स्वतः थांबतो, असंही सांगतात. मला हा प्रसंग संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो.

छन्न ऐकत नाहीत, ते आयुष्य संपवतात. त्यांच्याबद्दल बुद्धांनी नंतर काय म्हटलं, त्याच्या अर्थावर आजही वाद आहे. विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम मात्र स्पष्ट आहे: कुणाला मरणाकडे ढकललं किंवा मरणाची थोरवी सांगितली, तर भिक्खूला संघात जागा नाही. 'नसावंच' ही ओढसुद्धा तृष्णाच मानली आहे, विभवतृष्णा. म्हणजे मृत्यूनं दुःख आपोआप सुटत नाही.

पण आत्महत्या केलेला माणूस कायमचा नरकात, हे बौद्ध मत नव्हे. थेरवाद परंपरेत नरकही अनित्य आहे आणि एका कृत्यावर सगळं ठरत नाही. नातेवाईक मृतासाठी दान देऊन पुण्यानुमोदन करतात. बाबासाहेबांनी तर 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये आत्म्याचा पुनर्जन्मच नाकारला आहे.

तेव्हा कुणी आत्महत्या केलेल्या घरात सांत्वनाला गेलात, तर मृताच्या गतीची चर्चा करू नका. आणि तुमच्याच मनात असे विचार येत असतील, तर जवळच्या माणसाला आजच सांगा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.