जहागीरदारांना भरपाई, आम्हाला काय?

युरोपातल्या ड्यूकांच्या गोष्टी आम्ही शाळेत वाचल्या. देवणीच्या मुलखातले ड्यूक आम्हाला कुणी शिकवले नाहीत. देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात, बीदर जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. या राज्याचा सुमारे एक तृतीयांश मुलूख जहागीरदारांकडे होता. महसूल त्यांचा, बड्यांची तर कचेरी नि पोलीसही त्यांचेच.

फ्रान्सने 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री सरंजामी हक्क मोडीत काढले. हैदराबादच्या जहागिरी जायला ऑगस्ट 1949 उजाडावा लागला. आणि गेल्या त्या भरपाई घेऊन! संस्थानिकांचे तनखे तर 1971 पर्यंत चालले.

वतनदार आम्हीही होतो. सांगावे पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे, बदल्यात बलुतं नि शिळी भाकर. 1941 साली कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेत बाबासाहेब आले, ते याच वतनाच्या प्रश्नावर. त्याआधी 1928 मध्ये त्यांनी मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले होते.

मुंबई राज्यात महार वतन गेले 1958 च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. जहागीरदाराला सरकारने पैसे मोजले. इथे मात्र वतनाचीच जमीन नावावर करून घ्यायला साऱ्याच्या पटीत रक्कम वतनदारानेच सरकारात भरायची होती. तीही नव्या शर्तीवर, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी.